ब्रेकची खरेदी : भाव पाहण्याआधी उतार पाहा



बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर पाहतो आणि पावती मागून घेतो. पण गाडीचे ब्रेक पॅड बदलायची वेळ आली, की आपला एकच प्रश्न असतो, "यात स्वस्त कुठलं?" आता खेड्यापाड्यांतून चारचाकी आली आहे. तीच बाजारात जाते, तीच दवाखान्यात जाते, तीच सगळे घर घेऊन सप्तशृंगीच्या गडावर चढते. म्हणून आज या खरेदीविषयी बोलू.

४ जुलै २०२३ हा दिवस धुळे जिल्हा विसरलेला नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे मध्य प्रदेशाकडून आलेला एक अवजड कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. त्याचे ब्रेक निकामी झाल्याचे पोलिसांनी सांगितले. किमान १० माणसे गेली. ते वाहन मोठे होते, आपली गाडी लहान आहे. पण उताराचा नियम दोघांना सारखाच.

हा नियम असा. ब्रेक म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. पुढच्या चाकासोबत लोखंडी डिस्क फिरते आणि दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. समजा, माणसांसह १,४०० किलोची गाडी घाटात ३०० मीटर खाली उतरली. ती सगळी उतरण ब्रेकवरच रोखली, तर जी उष्णता निघते तिच्यावर साधारण १४ लिटर पाणी, म्हणजे हंडाभर पाणी, उकळीला येईल. पिकअपमध्ये केळीचे घड भरून वजन ३,००० किलो झाले, तर दोन हंडे! एवढी आच त्या वीतभर डिस्कने आणि बोटभर जाडीच्या पॅडने सोसायची असते. हलका पॅड तापला की त्याची पकड सुटते. पेडल दाबलेले असते, पण गाडी थांबत नाही.

पॅड संपत आला हे ओळखायचे कसे? नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलावा. पुष्कळ पॅडना एक पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला लागून किरकिरते. किरकिरीचे पुढे खरखरीत रूपांतर झाले, तर लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजावे. मग पॅडबरोबर डिस्कचाही खर्च उभा राहतो. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते, पेडल स्पंजासारखे दबते किंवा पाय थरथरतो, यांपैकी काहीही जाणवले तर गाडी त्याच दिवशी दाखवावी. मागे बसलेल्या मायमाउलींना हा आवाज पुष्कळदा आधी ऐकू येतो. त्यांचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये.

आता दुकानात काय पाहायचे ते सांगतो.

पहिले, पॅड आपल्याच गाडीचा हवा. मॉडेल, साल आणि डिझेल की पेट्रोल हे दुकानदाराला सांगा. जुना पॅड सोबत न्या आणि आकार जुळवून पाहा. डबीवर कंपनीचे नाव, भाग क्रमांक, बॅच आणि किंमत स्पष्ट छापलेली असावी. डबी उघडी असेल किंवा छपाई पुसट असेल, तर परत द्या. पक्के बिल घ्याच.

दुसरे, जात. मऊ पॅड आवाज करत नाही, पण लवकर झिजतो आणि घाटात लवकर दमतो. धातूचा भुसा घातलेला पॅड आच चांगली सोसतो. मात्र तो थोडा वाजतो आणि डिस्कही घासतो. सिरॅमिक पॅड शांत असतो, धूळ कमी सोडतो, पण महाग पडतो. "हा कडक आहे, जन्मभर जाईल" असे कोणी म्हणाले, तर सावध व्हा. पॅड झिजण्यासाठीच असतो. तो झिजला नाही तर डिस्क झिजते. गाडी कारखान्यातून ज्या जातीच्या पॅडवर आली, त्याच जातीचा घेणे हे घरच्या गाडीसाठी सर्वांत बरे.

तिसरे, डिस्क. किती पातळ होईपर्यंत ती चालेल, हा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. कडेला झिजेचा काठ राहतो, म्हणून जाडी मायक्रोमीटरने आतल्या बाजूला मोजून घ्या. आकड्याच्या खाली गेलेली, तडा गेलेली किंवा खोल चरे पडलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा बसवू नये. पातळ डिस्क लवकर तापते. भोके पाडलेल्या शोभेच्या डिस्कची आपल्याला गरज नाही.

चौथे, जोडी. डाव्या चाकाचे पॅड बदलले तर उजव्याचेही बदलायचे. डिस्कचेही तसेच. नव्या डिस्कवर जुने पॅड चढवू नयेत. एक बैल ताजा आणि एक थकलेला जुंपला तर गाडा सरळ चालतो का?

बसवताना गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा. चाकाच्या हबवरचा गंज घासून काढलेला असावा, नाहीतर नवी डिस्कही हलते. डिस्कवरचे तेल धुऊन पुसलेले असावे. धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू देऊ नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. नवे पॅड बसल्यावर पहिले २००-३०० किलोमीटर जोराचा ब्रेक टाळावा. त्या दिवसांत लगेच घाट गाठू नये.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ जातीचे ताजे तेल २३० अंशांच्या वर उकळते, पण पाणी शिरले की हा बिंदू १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. उकळलेल्या तेलात वाफ होते आणि पेडल खाली जाते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलावे. पॅड बदलल्याची तारीख आणि किलोमीटर घरच्या वहीत बियाण्या-खताच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावे.

शेवटचे, चालवणाऱ्यासाठी. चाळीसगावकडे कन्नडचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्या. पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. थोडा वेळ ठामपणे दाबा, वेग कमी करा, सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागा पाहून थांबा, चाकाला दगड लावा आणि ब्रेक निवू द्या. अर्धा तास उशीर झाला तर चालेल. घरी वाट पाहणाऱ्यांना आपण पोचायला हवे आहोत.