नानीचे उत्तर आणि नातवाचे संशोधन

मागच्या वर्षीची गोष्ट. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आतच स्टाफरूममध्ये सगळ्यांचे मोबाइल वाजू लागले. आम्हा शिक्षकांचे पगार ज्या सहकारी बँकेत जमा होतात, ती बँक उद्यापासून बंद होणार, असा मेसेज फिरत होता. खाली कुणाचे नाव नाही, तारीख नाही. तरी मधल्या सुट्टीत निम्मा स्टाफ बँकेसमोरच्या रांगेत उभा होता. खोटे कशाला बोला, आम्हीही होतो. वर्गात मुलांना "ऐकले की लगेच खरे मानू नका" असे बजावणारे आम्ही!

संध्याकाळी कळले की बातमी खोटी होती. बँक आजही सुरू आहे. पण आमच्या एका मॅडमनी मुलीच्या निकाहसाठी ठेवलेली ठेव त्या दुपारी मुदतीआधीच मोडली, नुकसान सोसले आणि रोख रक्कम घरी नेऊन कपाटात ठेवली. पुढे कित्येक रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

रांगेत उभे राहण्यात आमचे नेमके काय चुकले, की काहीच चुकले नाही, हा प्रश्न मनात राहिला होता. त्याचे उत्तर आम्हाला बेन बर्नान्के या अमेरिकी अर्थतज्ज्ञाच्या कामात सापडले. २०२२ साली अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतले हे एक. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या डिलन नावाच्या छोट्या गावात ते वाढले. घरच्यांचे औषधांचे दुकान होते.

त्यांनी आपल्या आठवणींत नानीची एक गोष्ट सांगितली आहे. १९३० नंतरच्या मंदीत नानी कनेक्टिकटमधल्या एका गावात राहत होती. तिच्या मुलांच्या पायांत नवे जोडे असत, पण आसपासची कितीतरी मुले फाटक्या जोड्यांनी, नाहीतर अनवाणी शाळेत जात. छोट्या बेनने विचारले, त्यांचे आईबाप जोडे का घेत नव्हते? नानी म्हणाली, जोड्यांचे कारखाने बंद पडले, बापांची कामे गेली. मग कारखाने का बंद पडले? कारण जोडे घ्यायला कुणाकडे पैसेच नव्हते! गावात कारखाने होते, कारागीर होते, अनवाणी पाय होते. तरी जोडे होत नव्हते. या गोल फिरणाऱ्या उत्तराचा पिच्छा नातवाने पुढे आयुष्यभर केला.

त्या मंदीचा आकार लक्षात घ्यावा. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार होता. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ या दोन अभ्यासकांनी १९६३ साली एक मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिले, की त्या वर्षांत देशातला पैसा सुमारे एक तृतीयांशाने आटला आणि फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक ते बघत राहिली. आपल्याकडे रिझर्व्ह बँक, तशी तिकडे 'फेड'. बँकांची बँक. चांगली बँक घाबरलेल्या गर्दीमुळे अडचणीत आली, तर तिला उधार देऊन सावरणे हे फेडचे काम होते. ते तिने पुरेसे केले नाही.

बर्नान्के यांनी १९८३ साली यात एक महत्त्वाची भर घातली. ते म्हणाले, बँक बुडते तेव्हा पैशाबरोबर आणखी एक वस्तू बुडते, ती म्हणजे माणसांची पारख.

हे समजायला आपल्या घरातली भिशी आठवावी. मोहल्ल्यातल्या एक खाला वर्षानुवर्षे भिशी चालवतात. कोण वेळेवर पैसे देते, कुणाला दहा तारखेपर्यंत थांबावे लागते, कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून नंबर आधी लावायला हवा, हे सगळे त्यांना ठाऊक असते. कोणत्याही वहीत ते लिहिलेले नसते. उद्या खाला गाव सोडून लेकाकडे राहायला गेल्या, तर बायकांकडचे पैसे काही नाहीसे होत नाहीत. तरी भिशी मोडते, कारण कुणावर किती भरवसा ठेवायचा हे सांगणारे माणूस गेलेले असते.

बर्नान्के यांचे म्हणणे साधारण हेच. गावातल्या बँकेच्या मॅनेजरला कोणता शेतकरी, कोणता दुकानदार सचोटीचा आहे हे ठाऊक असते. बँक बंद झाली की ही माहिती वाया जाते. जी बँक उरते, ती धास्तावून हात आखडते. मोठ्या कंपन्या कसेही निभावून नेतात. कर्ज मिळेनासे होते ते शेतकऱ्याला, छोट्या कारखानदाराला, साध्या घराला. ती मंदी इतकी खोल आणि लांब का गेली, याचे एक मोठे कारण त्यांनी इथे दाखवले. नानीच्या गोल उत्तरातला सुटलेला दुवा तो हाच.

त्याच १९८३ साली डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या दोघांनी दुसरी बाजू मांडली. नोबेल या दोघांना बर्नान्के यांच्याबरोबरच मिळाले. आपण ठेवलेला पैसा बँकेच्या तिजोरीत पडून नसतो, बराचसा कर्जाऊ गेलेला असतो. म्हणून सगळे एकाच दिवशी मागायला आले, तर चांगली बँकही कोसळू शकते. बाकीचे धावत असताना एकट्याने घरी बसणे शहाणपणाचे नसते, म्हणून तोही धावतो. आणि अशी खोटी अफवा धावण्यानेच खरी होते. याचा उपाय असा, की धावण्याचे कारणच उरू नये. अमेरिकेत १९३४ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आपल्याकडे केरळमधली पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्यावर १९६२ पासून तो आला.

२००२ साली फ्रीडमन यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात बर्नान्के यांनी फेडच्या वतीने त्या जुन्या चुकीची कबुली दिली आणि ती पुन्हा होणार नाही असे सांगितले. तेव्हा ते फेडच्या संचालक मंडळावर होते. २००६ मध्ये ते तिथले अध्यक्ष झाले आणि दोनच वर्षांत खरी परीक्षा समोर आली. घरकर्जांचा फुगा फुटला, सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. त्यांनी व्याजदर जवळपास शून्यावर आणला, बँकांना भरपूर उधार दिले. १९३३ सारखी अवस्था आली नाही. तरीही ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी १० टक्क्यांवर गेली आणि लाखो कुटुंबांची घरे गेली. बड्या बँकांना सावरले, मग सामान्यांना का नाही, हा सवाल लोकांनी विचारला आणि तो रास्त होता. शिवाय मंदीचा हा एवढा मोठा अभ्यासक २००७ मध्ये जाहीरपणे म्हणाला होता, की घरकर्जांचा त्रास फार पसरणार नाही. विद्वानाचाही अंदाज चुकतो, हेही मुलांना सांगायला हवे.

आपल्यातल्या अनेक घरांत व्याजापासून परहेज पाळला जातो. पण पगार, पेन्शन, मुलांची स्कॉलरशिप बँकेतच येते. तेव्हा बँक बुडाली तर झळ त्या घरालाही बसते. उर्दूत ठेवीला आपण अमानत म्हणतो. अमानत सांभाळणे हे बँकेचे काम आणि बँकांवर नजर ठेवणे हे रिझर्व्ह बँकेचे. थोडे काम मात्र आपलेही आहे.

एक, निनावी मेसेज पुढे पाठवू नये. शाखेत जाऊन विचारावे. दोन, विम्याची मर्यादा पाठ असावी: २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपये. त्याच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तरी मर्यादा एकच. सहकारी बँकांना हा विमा आहे, पतपेढीला नाही. तीन, सगळी पुंजी एकाच ठिकाणी नसावी. अफवा दर वेळी खोटीच असते असे नाही. बँका खरोखर अडचणीत येतात आणि म्हातारी माणसे औषधाच्या पैशांसाठी खेटे घालतात, हे आपण पाहिले आहे. म्हणून तजवीज आधीच, शांतपणे करावी. रांगेत उभे राहून ती होत नाही.

आमच्या त्या मॅडमनी परवा पैसे पुन्हा बँकेत ठेवले, या वेळी दोन बँकांत वाटून. पावत्या आम्हाला दाखवल्या आणि म्हणाल्या, "सर, अब नींद आएगी." निकाह येत्या हिवाळ्यात आहे. दावत आम्हाला आत्ताच मिळाली आहे.