बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

आपल्या मॉरिशसमधील मराठी घरांत बाळंतिणीचे कोडकौतुक कमी होत नाही. तिला पथ्याचे खायला मिळते, अंगाला तेल लागते, बारशाला वाक्वापासून कास्कावेलपर्यंतचे नातेवाईक जमतात. परंतु तिचे मन कसे आहे, हे कोणी विचारते काय?

प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत उगीच रडू येणे, चिडचिड होणे हे अनेकींच्या वाट्याला येते. साधारण दोन आठवड्यांत ते ओसरते. मात्र उदासपणा त्यापुढेही टिकला, बाळ झोपले असतानाही आईचा डोळा लागेना, ‘मी चांगली आई नाही’ हा विचार पाठ सोडीना, तर तो आजार समजावा. ती थेरे नव्हेत, आळसही नव्हे आणि दृष्ट तर नव्हेच नव्हे.

आपले बहुतेक पूर्वज कोकणातले. त्याला लागूनच असलेल्या गोव्यातील मातांचा डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांना नैराश्य होते. त्यांतील शेकडा ७८ जणींच्या मनाचा त्रास गरोदरपणातच दिसून आला होता! गरिबी आणि नवऱ्याशी न पटणे ही मोठी कारणे ठरली. मुलगी झाली की मारहाणीसारख्या दुःखाचा भार आणखी वाढे.

म्हणजे हे ओझे पाळणा हलण्याआधीच चढलेले असते. पूर्वी कधी नैराश्य आलेले असणे, गरोदरपणी सतत धास्ती वाटणे, स्वतःवर विश्वास नसणे, सारे काही बिनचूकच झाले पाहिजे असा हट्ट धरणे, ही त्याची मनातली मुळे होत.

‘आम्ही नाही का पाच-पाच मुले वाढविली?’ असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात. खरे आहे. पण त्यांच्या अंगणात जावा, नणंदा, शेजारणी होत्या. आजची सून वरच्या मजल्यावर दिवसभर एकटी असते. शिवाय त्या काळी किती जणींनी मुकाट्याने सोसले, याची नोंद कोणी ठेवली?

म्हणून माझे म्हणणे असे की, ओटीभरणाच्या वेळीच तिच्या मनाची चौकशी सुरू व्हावी आणि सहाव्या आठवड्यात ती पुन्हा व्हावी. १९८७ साली एडिंबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली यासाठी जगभर वापरतात. ती गेल्या सात दिवसांतील मनःस्थिती विचारते. तिने रोगनिदान होत नाही, पण डॉक्टरांकडे जाण्याची गरज कळते. बोलून उपचार होतात. लागल्यास, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी औषधे डॉक्टर देतात. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर मात्र तिला एकटी सोडू नये, त्याच दिवशी इस्पितळात न्यावे.

नवऱ्याने रात्रीचे एक पाजणे झाल्यावर बाळ सांभाळावे, सासूने मुलगी झाली म्हणून सुस्कारा टाकू नये. याला पैसा लागत नाही. बाळाला पाहायला जाल तेव्हा आधी आईजवळ बसा.