निकालाच्या फलकावर नसलेली मुले

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत फलक झळकू लागतात. शाळेचे नाव, खाली ठळक अक्षरांत '१०० टक्के निकाल', पहिल्या तीन मुलींचे फोटो आणि त्यांच्यापेक्षा मोठा नगरसेवकाचा फोटो. आनंद व्हायलाच हवा. पण असा फलक पाहिला की मला माझ्या सातवीच्या वर्गाचा फोटो आठवतो.

मी नगरपरिषदेच्या उर्दू शाळेत शिकलो. शाळा सातवीपर्यंतच होती. निरोपाच्या त्या फोटोत आम्ही चार ओळींत दाटीवाटीने बसलो आहोत. त्यातले दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचलेले सगळे एका ओळीत मावतील. बाकीची मुले गॅरेजमध्ये, बेकरीत लागली. गणितात कायम पहिली येणारी मुलगी घरी बसली, कारण हायस्कूल लांब होते आणि वाटेत हमरस्ता ओलांडावा लागे. मी मराठी हायस्कूलमध्ये गेलो, तेव्हा पहिले सहा महिने इतिहासाच्या तासाला नुसता फळ्याकडे बघत बसायचो. माझ्या सोबत आलेल्या एका मित्राला नववीत नापास करून 'पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भर' असे सांगण्यात आले. म्हणजे तो परीक्षा देणार, पण शाळेच्या निकालात धरला जाणार नाही. हायस्कूलचा निकाल मात्र उत्तम लागला.

निकालाची टक्केवारी काढताना परीक्षेला बसलेल्यांच्या संख्येने भागतात, पहिलीत दाखल झालेल्यांच्या नव्हे. मधल्या वर्षांत गळालेले मूल नापासांतही नसते आणि पासांतही नसते. त्यामुळे शाळेचे खरे प्रगतिपुस्तक पाहायचे असेल तर एकच प्रश्न विचारावा लागतो: दहा वर्षांपूर्वी पहिलीत किती मुले होती आणि त्यातली आज कुठे आहेत?

यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. बाहेरचे म्हणतात, 'मुसलमानांना शिक्षणाची आवडच नाही, मुले मदरशात घालतात.' सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवले होते की मदरशात जाणारी मुस्लिम मुले जेमतेम ३ ते ४ टक्के आहेत. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची सरासरी ७६.९. म्हणजे आपले आईबाप मुलांना शाळेत घालतात. पण त्याच सच्चर अहवालानुसार देशात २० वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेले ४ टक्क्यांहूनही कमी होते. आपण शाळेत शिरतो, वरच्या वर्गापर्यंत टिकत नाही.

दुसरे उत्तर आपल्यातलेच लोक देतात: 'सगळी सरकारची चूक.' सरकारची चूक आहेच. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. आठवी संपली की त्याचा आधार संपतो, आणि आपली गळती नेमकी तिथे वाढते. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. पहिली ते आठवीच्या मुलांची बंद केली. रक्कम छोटी होती, पण वह्या आणि दप्तराचा खर्च त्यातून निघत असे.

मात्र एक गोष्ट आपणही मान्य करू. पालिकेच्या उर्दू शाळेत आज कोण बसते? ज्यांना परवडले ते इंग्रजी माध्यमात गेले. डॉक्टर, वकील आणि खुद्द त्या शाळेतल्या शिक्षकांचीही मुले तिथे क्वचितच दिसतात. मागे राहिली ती यंत्रमाग कामगारांची, हातगाडीवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुले. कित्येक जण घरातले पहिलेच शिकणारे. तिथला निकाल महागड्या शाळेच्या निकालाशेजारी ठेवला, तर आपण शाळांची नव्हे, दोन घरांच्या उत्पन्नाची तुलना करत असतो. आणि आवाज उठवू शकणारे पालक निघून गेले की शिक्षकाची जागा रिकामी राहिली तरी विचारणारा उरत नाही.

पण गरिबीचे कारण सांगून शाळेला सोडूनही देता येणार नाही. पाचवीतल्या मुलाला साधा भागाकार येत नसेल, तर तो दोष त्याच्या अब्बांच्या हातगाडीचा नाही. आणि उर्दू शाळेत मराठी नीट शिकवली जात नसेल, तर आठवीत माध्यम बदलणारे मूल तिथेच बुडते. उर्दूवर प्रेम आणि मराठीवर पकड, दोन्ही हवे. मराठी नीट शिकवा, ही मागणी आपणच करायला हवी.

म्हणून तुमच्यापैकी जे कॉलेजात आहेत, नोकरीला लागले आहेत, त्यांच्याकडे एक काम मागतो. आपल्या जुन्या शाळेत जा. कायद्याने तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बऱ्याच अम्मींना आपण सदस्य आहोत हेही माहीत नसते. सही घेतली जाते, बैठक होत नाही. त्यांच्याबरोबर बसा. दरवर्षी यू-डायस मध्ये शाळा इयत्तावार पटसंख्या भरते. त्यात मुले, मुली, मुस्लिम विद्यार्थी अशी वेगळी नोंद असते. मागच्या दहा वर्षांचे आकडे मागा आणि एका कागदावर खाली-खाली लिहा. कुठल्या इयत्तेत संख्या एकदम घसरते आणि त्यात मुली किती, ते दिसेल. मग त्या घरांत जा आणि कारण विचारा. कुठे रस्त्याचे, कुठे फीचे, कुठे भाषेचे, कुठे लग्नाचे कारण निघेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. रस्त्यासाठी नगरपरिषदेकडे जावे लागेल, लग्नासाठी मात्र आपल्याच घरांत बोलावे लागेल.

पुढच्या वर्षी फलक लावताना टक्केवारीखाली आणखी एक ओळ लिहायला लावू या: पहिलीत इतकी मुले आली होती, दहावीला इतकी बसली. आमच्या वर्गातली ती गणितातली हुशार मुलगी त्या एका ओळीत तरी मोजली जाईल.