शब्दांचे वजन, अभ्यासकाचे मोल

‘भाषा शिकून संगणकात काय दिवे लावणार?’ हा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्यांना सर्रास विचारला जातो. विचारणाऱ्यांनी कॅरन स्पार्क जोन्स (१९३५–२००७) यांची कारकीर्द पाहावी, असे आम्ही सुचवतो.

केंब्रिजला इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या या विदुषीने प्रबंध लिहिला तो समानार्थी शब्दांवर. १९७२ साली तिने एक साधे तत्त्व मांडले: जो शब्द मोजक्याच लेखांत आढळतो, तो शोधाला अधिक उपयोगी. ‘आणि’ सर्वत्र असतो. ‘ओवी’ नेमक्या लेखाकडे नेते. पुढे कित्येक शोधयंत्रांनी हे तत्त्व वापरले. ती स्वतः मात्र अनेक वर्षे अल्प मुदतीच्या संशोधननिधीवर राहिली. प्राध्यापकपद मिळाले १९९९ साली, साठी उलटल्यावर.

हा दोष परक्यांचा म्हणून आपण सुटत नाही. ‘रस्ता’, ‘रस्त्यात’, ‘रस्त्यावरून’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे न कळल्यास मराठी शब्दांची मोजणीच फसते. सामान्यरूपाचे हे ज्ञान व्याकरणाच्या अभ्यासकाकडे असते. आजची अवाढव्य प्रारूपे व्याकरण न शिकवताच भाषा शिकतात, असे उत्तर येईल. येवो. त्यांची मराठी कुठे चुकली, हे ठरवायला मराठी जाणणाराच लागतो. त्याला प्रकल्पापुरते मानधनावर बोलवायचे आणि काम सरताच नारळ द्यायचा, ही रीत आम्हांस मान्य नाही. त्याला कायम पद हवे, आणि तेही साठीच्या आत.