झाकण उघडं, पडदा बंद

मंडळी, २०२० साली आपल्यापैकी पुष्कळांचं ऑफिस घरी आलं, आणि कित्येकांचं ते आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी अजून घरीच मुक्काम ठोकून आहे. बेसमेंटमध्ये नाहीतर गेस्टरूमच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्या मागे सेलमध्ये घेतलेला मोठा मॉनिटर, हे दृश्य आता घरोघरी दिसतं. यावेळचा विषय तिथलाच. मोठा मॉनिटर समोर असताना लॅपटॉपचा पडदा उगाच डोळ्यांवर उजेड मारत बसतो. तो बंद करायचा, पण झाकण मात्र मिटायचं नाही, हे कसं जमवायचं?

"मग झाकणच मिटा ना!" असं कुणी म्हणेल. मिटता येतं. पण झाकणाबरोबर कीबोर्ड जातो, बोटाच्या ठशाने उघडायची सोय जाते आणि मुख्य म्हणजे कॅमेरा जातो. शिवाय काही लॅपटॉपची गरम हवा बिजागरीपाशी किंवा कीबोर्डातून बाहेर पडते. झाकण मिटलं की पंखा घरघरायला लागतो.

विंडोजवाल्यांचं काम सोपं आहे. विंडोजची खूण असलेली कळ दाबून ठेवायची आणि 'पी' दाबायचं. गणेशोत्सवात हॉलमधल्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांना ही जोडी पाठ असते. विंडोज ७ बरोबर २००९ साली ती आली ती त्याच कामासाठी. चार पर्याय दिसतात. त्यातला शेवटचा, 'सेकंड स्क्रीन ओन्ली', निवडला की लॅपटॉपचा पडदा विझतो आणि सगळा कारभार मोठ्या मॉनिटरवर जातो. कीबोर्ड, कॅमेरा, माइक जिथल्या तिथे चालू.

मॅकवाल्यांना मात्र इतकी सरळ कळ दिलेली नाही. तिथे बहुतेक लोक उजेड कमी करायची कळ दाबत दाबत पडदा पार काळा करतात आणि झालं म्हणतात. इथेच खरी गोम आहे. पडदा काळा होणं वेगळं आणि बंद होणं वेगळं. काळा केलेला पडदा संगणकाच्या हिशेबी जागाच असतो. माउसचा बाण सरकत सरकत त्या अंधारात शिरतो आणि सापडत नाही. पासवर्ड विचारणारी चौकट तिकडेच उघडते आणि आपल्याला वाटतं, मशीन अडकलं. रविवारी सकाळी साडेनऊला पुण्याला फोन लावावा (हिवाळ्यात तिथे तेव्हा रात्रीचे आठ, आईचं जेवण उरकलेलं), आणि आईचा आवाज तर येतोय पण चेहरा कुठेच नाही, असाही प्रकार होतो. चेहरा असतो, पण काळ्या पडद्यावर!

यावर उपाय असा. मॅकच्या सेटिंग्जमध्ये 'डिस्प्लेज' उघडून दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसेल असं करायचं, म्हणजे 'मिरर'. चित्राचा आकार मोठ्या मॉनिटरला धरून ठरवायचा आणि मगच लॅपटॉपचा उजेड शून्यावर आणायचा. आता अंधारात जे आहे तेच समोरही आहे, त्यामुळे हरवायला काही उरत नाही. पडदा पुरता तोडून देणारे छोटे प्रोग्रॅमही मिळतात. झाकण मिटल्याचं पुष्कळ लॅपटॉपना चुंबकावरून कळतं, म्हणून फ्रीजवरचं चुंबक ठेवून त्यांना फसवणारे बहाद्दरही आहेत. आम्हाला विचाराल तर चुंबक फ्रीजवरच शोभतं. आणि लिनक्सवाल्यांना आम्ही काय सांगणार? तेच आम्हाला तासभर सांगतील.

विंडोजवर एखादी खिडकी अशी अंधारात अडकलीच, तर विंडोजची कळ, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकदम दाबा. ती उडी मारून दुसऱ्या पडद्यावर येते.

आता मांडणीबद्दल, कारण मान आपली आहे. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर २० ते ४० इंच, असं अमेरिकेचं कामगार सुरक्षा खातं (ओशा) सांगतं. बायफोकल चष्मेवाल्यांनी (आपल्या मंडळात आता बहुमत त्यांचंच) मॉनिटर आणखी थोडा खाली घ्यावा. नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करून बसावं लागतं आणि संध्याकाळी बाम शोधावा लागतो. लॅपटॉप बाजूला सारून ठेवलात तर कॅमेराही बाजूला जातो, आणि पलीकडे आईला दिसतो तो तुमचा कान. "अरे, बघतोयस कुठे?" हे वाक्य बहुतेकांनी ऐकलं असेल. हजारो मैलांवरून जेमतेम अर्धा तास भेट, त्यात मुलगा दुसरीकडे बघतोय असं तिला का वाटू द्यावं? लॅपटॉप मॉनिटरच्या बरोबर समोर, मधोमध ठेवा. उघडं झाकण मॉनिटरचा खालचा भाग झाकत असेल तर मॉनिटरखाली जाडजूड पुस्तकं सरकवा. जुने दिवाळी अंकही चालतात. फोन चालू असताना तिच्या चेहऱ्याची खिडकी खाली, कॅमेऱ्याजवळ ओढून घ्या.

एक व्यवस्था मात्र आधीच करून ठेवा. उन्हाळ्यात आई-बाबा राहायला येतात. तुम्ही बाहेर गेलात, मॉनिटर बंद आहे, आणि बाबा बातम्या वाचायला लॅपटॉपपाशी बसले, तर समोर नुसता काळा पडदा. "आपल्या हातून बिघडला की काय" म्हणून ते संध्याकाळपर्यंत अस्वस्थ राहतील आणि विचारणारही नाहीत. टेबलावर चिठ्ठी चिकटवा: 'मॉनिटरची केबल काढा, पडदा येईल.' विंडोजवर तो आपोआप येतो. मॅक असेल तर पुढे आणखी एक ओळ लिहा: 'उजेड वाढवायची कळ दाबा', आणि त्या कळेवर एक टिकली लावून ठेवा.