भगताच्या यशाचा हिशेब

रायगडात पेणपासून रोह्यापर्यंतच्या वाड्यांवर लावणीच्या दिवसांत कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की आजही अनेकदा पहिला निरोप भगताला जातो. त्याच्या बाजूने पुरावा एकच दिला जातो: ‘त्याने कितीतरी माणसं वाचवली.’ माणसं वाचली हे खरं आहे. ती भगताने वाचवली, हे साफ खोटं आहे.

बांधावर चावलेलं जनावर पुष्कळदा दिवड नाहीतर धामण असतं. त्यांचा दंश जीव घेत नाही. नाग-घोणसही कधीकधी चावताना विष सोडत नाहीत. अशा माणसावर मंत्र टाका, पाला बांधा किंवा काहीच करू नका, तो सकाळी उठून चालू लागणारच. ही गोष्ट वाडीवाडीवर पोचते. मेलेल्याची मात्र ‘वेळ भरली होती’ एवढ्यावर मिटते. यश भगताच्या खात्यावर आणि मरण नशिबाच्या, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला की समजूत अनुभव म्हणून मिरवू लागते.

‘मग दवाखान्यात नेलेला का दगावला?’ कारण मंत्र-उताऱ्यात रात्र घालवून, पापण्या मिटू लागल्यावर त्याला तिथे नेलं. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते. पुढे पोटात कळा येतात, जीभ जड होते, श्वास अडतो. त्या वेळी लस आणि व्हेंटिलेटर लागतो.

शिकलेल्यांनीही हात झटकू नयेत. दंश कापून विष चोखा, वर करकचून दोरी बांधा, हे तर प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांनीच शिकवलं. घोणस चावल्यावर रक्त गोठेनासं होतं. तिथे ब्लेड मारणं म्हणजे रक्तस्राव ओढवून घेणं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना दवाखाना दिसलाच नाही.

खरा अनुभव कसा मिळवतात, तेही याच रायगडने दाखवलंय. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. वाचलेल्यांबरोबर मेलेलेही मोजले. म्हणूनच प्राझोसिन या औषधाने मृत्यू किती घटले, हे ते जगाला सांगू शकले.

सर्पदंशाचा उपायही हाताशी आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते. कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं ठेवलं आणि ते गोठलं नाही, तर विष भिनल्याचं कळतं. सर्पदंशावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलंय.

पण कायद्याच्या धाकाने वाडी बदलणार नाही. मध्यरात्री तिथे धावून येणारा भगतच असतो, गाडी नसते. म्हणून ग्रामपंचायतीने गाडीची सोय आधीच करून ठेवावी, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक घराघरांत पोचवावा, आणि दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायला भगतालाच शिकवावं. त्याला मंत्र म्हणायचेच असतील, तर रोह्याच्या सरकारी दवाखान्याकडे धावणाऱ्या गाडीत रोग्याशेजारी बसून म्हणावेत.