जुळ्यांतला एकच का अडखळतो?

जुळी मुले असलेल्या घरात तुलना आपोआप होते. कोण आधी चालला, कोणाचा सबक आधी पाठ झाला, कोण फाडफाड बोलतो. त्यात एक तोतरा निघाला की सगळी बोटे आईकडे वळतात. ग्रहणात सुरी धरली असेल, पोराला रागावली असेल, घरी दखनी आणि शाळेत मराठी म्हणून जीभ गोंधळली असेल. परभणीपासून पाथरी-जिंतूरपर्यंत आमच्या मोहल्ल्यांत आम्ही हेच ऐकतो. विज्ञान यातल्या एकाही गोष्टीला दुजोरा देत नाही.

एकरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. भिन्न जुळे सख्ख्या भावंडांइतकेच सारखे. ऑस्ट्रेलियात ३,८१० जुळ्या जोड्यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. माणसामाणसांत तोतरेपणाचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७१ टक्के आनुवंशिकतेचा निघाला. उरलेला वाटा त्या-त्या मुलाच्याच वाट्याला आलेल्या गोष्टींचा. दोघांना सारख्याच मिळालेल्या घराचा, म्हणजे आईबापांच्या वळणाचा, वेगळा वाटा आढळला नाही. म्हणूनच एकरूप जुळ्यांतही कधी एक अडखळतो आणि दुसरा नाही.

२०१० मध्ये डेनिस ड्रेना आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी तोतरेपणाशी संबंधित तीन जनुकांतले बदल दाखवले. त्याचा माग पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबात लागला होता. भारतातल्या काही तोतऱ्या व्यक्तींतही असे बदल सापडले. ही जनुके पेशीतल्या टाकाऊ पदार्थांच्या विल्हेवाटीशी निगडित आहेत. मात्र तोतऱ्या माणसांपैकी थोड्यांतच हे बदल असतात.

तेव्हा दोष आईचा नाही आणि मुलाचाही नाही. दोन ते पाच वर्षांच्या वयात साधारण शंभरातली पाच मुले अडखळतात आणि त्यातली बहुतेक पुढे आपोआप सुधारतात. पण अडखळणे सहा महिन्यांहून जास्त टिकले, घराण्यात आणखी कोणी तोतरे असले किंवा मूल बोलायलाच टाळू लागले, तर वाट पाहत बसू नये. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्यांना मुलाचे बोलणे आवर्जून सांगावे. जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचाराची चौकशी करावी. जिभेखालची तार कापून किंवा तोंडात खडे धरून तोतरेपणा जात नाही.

घरात मात्र बरेच काही करता येते. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, जुळ्या भावालाही करू देऊ नये. "हळू बोल" म्हणण्याऐवजी आपणच सावकाश बोलावे. 'हकला' हे नाव घरातून हद्दपार करावे.

हजरत मूसा (अ.) यांनी जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ मागितली आणि अधिक अस्खलित बोलणाऱ्या भावाची, हजरत हारून (अ.) यांची, सोबतही मागितली. आपल्या घरातला बोलका भाऊ दुसऱ्याला मोजण्याची काठी होऊ नये, सोबती व्हावा.